पातळीयंत्राची उलटतपासणी

बडोदे, म्हणजे आजचे वडोदरा, या शहराच्या पूर्वेस सुमारे २० किलोमीटरांवर आजवा येथे सयाजी सरोवर नावाचा विस्तीर्ण जलाशय आहे. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, अभियंते जगन्नाथ सदाशिवजी यांच्या देखरेखीखाली तो बांधण्यात आला. मातीचा लांबच लांब बांध घालून पावसाचे पाणी अडवावे आणि ते नळांवाटे शहरात आणावे, अशी ही योजना होती. तिचे वैशिष्ट्य असे की, आजव्याचे पाणी शहराकडे आणण्यासाठी पंपाची गरज पडली नाही. उंचावरून सखलाकडे जाण्याचा पाण्याचा जो उपजत धर्म, त्याच्याच बळावर हे पाणी २० किलोमीटरांची वाट चालत आले.

ही गोष्ट ऐकावयास सोपी वाटते. परंतु २० किलोमीटरांच्या सपाट मैदानात कोणते ठिकाण कोणत्या ठिकाणाहून किती उंच आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. डोळ्यांना चढ वाटणारी जमीन प्रत्यक्षात उतार असते आणि उतार वाटणारी कित्येकदा चढ निघते. हा निवाडा एका लहानशा यंत्राच्या साक्षीवरून करावा लागतो. तिपाईवर बसविलेली दुर्बीण, तिच्या अंगावर पाण्याच्या बुडबुड्याची नळी आणि समोर आकडे रंगविलेली उंच पट्टी, एवढाच हा सरंजाम. त्याला शास्त्रीय भाषेत तलेक्षण यंत्र आणि व्यवहारात ‘लेव्हल’ म्हणतात. प्रस्तुत लेखात आपण त्यास पातळीयंत्र म्हणू.

न्यायालयात साक्षीदाराचे म्हणणे उलटतपासणीशिवाय ग्राह्य धरले जात नाही. पातळीयंत्र हाही एक साक्षीदारच होय. त्याच्या शब्दावर धरणाचा सांडवा, कालव्याचा तळ, गावच्या नळयोजनेची टाकी आणि गटाराचा उतार ठरतो. अशा साक्षीदाराची उलटतपासणी कशी घ्यावी, हे अधिकारी व तंत्रज्ञ यांना तर ठाऊक असावेच. पण ज्यांच्या शेतात ते पाणी जावयाचे त्या ग्रामस्थांना आणि ज्यांनी मुलांना विज्ञान शिकवावयाचे त्या शिक्षकांनाही त्याची तोंडओळख असणे अगत्याचे आहे. तपासणीस महागडी साधने लागत नाहीत. मोकळे मैदान, दोन खुंट्या, एक पट्टी आणि अर्धा-पाऊण तास पुरेसा होतो.

यंत्राची रचना

पातळीयंत्राच्या दुर्बिणीत मुख्यतः तीन गोष्टी असतात. समोरच्या टोकास असलेले भिंग दूरच्या पट्टीची प्रतिमा दुर्बिणीच्या आत उमटविते. त्या प्रतिमेच्या जागी एक बारीक आडवी तार असते. जुन्या यंत्रांत ही तार म्हणजे चक्क कोळ्याच्या जाळ्याचा धागा असे. अलीकडील यंत्रांत ती काचेवर कोरलेली असते. डोळ्याजवळच्या टोकास असलेले दुसरे भिंग, ज्यास नेत्रिका म्हणतात, ते प्रतिमा आणि तार या दोहोंना मोठे करून दाखविते. पुढच्या भिंगाचा मध्य आणि तारेचा छेदबिंदू यांना जोडणारी जी काल्पनिक रेषा, ती यंत्राची नजररेषा होय.

नजररेषा अगदी आडवी, म्हणजे साचलेल्या पाण्याच्या पृष्ठभागासारखी समपातळीत असावी, एवढीच यंत्राकडून अपेक्षा असते. ती आडवी आहे याची ग्वाही बुडबुडा देतो. बुडबुडा मध्यावर आला की नजररेषा आडवी झाली, असे आपण मानतो. परंतु बुडबुड्याची नळी आणि नजररेषा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्या एकमेकींस समांतर बसविण्याचे काम कारखान्यात होते आणि ते बिघडविण्याचे काम प्रवासातील हादरे, उन्हाचा ताप, सैल झालेले स्क्रू आणि हातून झालेली हेळसांड ही सर्व मिळून करतात. बिघडलेले यंत्र बाहेरून तसेच दिसते. बुडबुडा मध्यावर येतो, पट्टी स्वच्छ दिसते, आकडेही व्यवस्थित वाचता येतात; केवळ ते आकडे खोटे असतात. म्हणूनच तपासणीचे महत्त्व.

पहिली पायरी : बुडबुड्याची तपासणी

गवंड्याच्या हातातील पाणसळ खरी की खोटी हे ओळखण्याची रीत खेड्यापाड्यांतील जुन्या कारागिरांना माहीत असते. पाणसळ फळीवर ठेवून बुडबुडा पाहावयाचा आणि मग तीच पाणसळ त्याच जागी उलट दिशेने, शेंडा-बुडखा बदलून ठेवावयाची. बुडबुडा पुन्हा त्याच खुणेवर आला तर पाणसळ खरी. नाही आला तर दोष पाणसळीत आहे.

पातळीयंत्राची पहिली तपासणी याच न्यायाने होते. तिपाई घट्ट रोवून पायाच्या स्क्रूंनी बुडबुडा मध्यावर आणावा. दुर्बीण काटकोनात फिरवून पुन्हा मध्यावर आणावा. मग दुर्बीण पूर्ण उलट दिशेस, म्हणजे अर्धा फेरा फिरवावी. बुडबुडा जागचा न हलल्यास उत्तम. समजा, तो चार घरे सरकला. तर खरा दोष चार घरांचा नसून दोन घरांचा आहे, हे ध्यानात ठेवावे. कारण उलट फिरविल्याने दोष दुप्पट होऊन दिसतो. दुरुस्ती करताना अर्धा फरक पायाच्या स्क्रूंनी आणि उरलेला अर्धा नळीच्या दुरुस्ती-स्क्रूंनी काढावा लागतो.

हल्ली बहुतेक ठिकाणी स्वयंचलित पातळीयंत्रे वापरली जातात. त्यांत बुडबुडा गोल डबीत असतो आणि तो स्थूलमानाने मध्यावर आणला म्हणजे आतील टांगलेला लोलक नजररेषा आपोआप आडवी करतो. या यंत्रातही गोल बुडबुडा वरीलप्रमाणेच उलट फिरवून पाहावा. शिवाय पट्टीवरील आकडा वाचत असताना यंत्राला बोटाने हलकेच टिचकी मारावी. तार क्षणभर थरथरून पुन्हा त्याच आकड्यावर स्थिरावली तर लोलक मोकळा आहे. ती थरथरलीच नाही किंवा दुसऱ्याच आकड्यावर थांबली, तर लोलक अडकला आहे असे समजून यंत्र कामावरून काढून घ्यावे.

दुसरी पायरी : भिंग आणि डोळा यांची सांगड

घड्याळाकडे बाजूने पाहिले असता काटा मिनिटभर पुढे किंवा मागे दिसतो, हा सर्वांचा अनुभव आहे. काटा आणि तबकडी यांत अंतर असल्याने असे घडते. यास पराशय म्हणतात. पातळीयंत्रात पट्टीची प्रतिमा नेमकी तारेच्या जागी न उमटता किंचित पुढे वा मागे उमटली तर हाच दोष उत्पन्न होतो. निरीक्षकाने डोके जरा वर-खाली केले की आकडा बदलतो. एकाच यंत्रातून दोन माणसांनी दोन आकडे वाचले, अशी तक्रार कित्येकदा येते. तिचे मूळ बहुधा येथे असते.

यावर उपाय दोन टप्प्यांचा आहे आणि टप्प्यांचा क्रम चुकता कामा नये. प्रथम दुर्बीण मोकळ्या आकाशाकडे वळवावी किंवा पुढच्या भिंगासमोर पांढरा कागद धरावा आणि नेत्रिका फिरवीत तार काळीभोर व रेखीव दिसेपर्यंत जुळवावी. दुर्बीण सूर्याकडे कदापि वळवू नये. डोळा कायमचा जाण्याचा धोका असतो. तार जुळल्यानंतर दुर्बीण पट्टीकडे वळवून बाजूच्या मोठ्या चकतीने पट्टीचे आकडे स्वच्छ करावेत. आता डोळा सावकाश वर-खाली करून पाहावे. तार आकड्यावर चिकटल्यासारखी स्थिर राहिली म्हणजे सांगड बसली. ती सरकू लागली तर चकती पुन्हा किंचित फिरवावी.

नेत्रिकेची जुळणी ही ज्याच्या-त्याच्या दृष्टीची असते. ती एका निरीक्षकासाठी एकदा केली की दिवसभर पुरते. मात्र निरीक्षक बदलला की ती नव्याने करावी लागते. चष्मा लावून पाहणाऱ्याने दिवसभर चष्मा लावूनच पाहावे. मोठ्या चकतीची जुळणी मात्र पट्टीचे अंतर बदलेल तशी प्रत्येक वेळी करावी लागते.

तिसरी पायरी : तार आडवी आहे काय?

दूरच्या भिंतीवरील एखादा ठळक बिंदू तारेच्या डाव्या टोकावर घ्यावा आणि बारीक हालचालीच्या स्क्रूने दुर्बीण हळूहळू आडवी फिरवावी. बिंदू तारेवरूनच सरकत उजव्या टोकास पोहोचला तर तार आडवी आहे. तो तारेच्या वर किंवा खाली गेला तर तार तिरपी बसली आहे. हा दोष दुरुस्त होईपर्यंत आकडा नेहमी तारेच्या मध्यभागीच वाचावा, म्हणजे नुकसान टळते.

चौथी पायरी : दोन खुंट्यांची कसोटी

आतापर्यंतच्या तपासण्या प्राथमिक होत्या. नजररेषा खरोखर आडवी आहे की नाही, याचा निकाल पुढील कसोटी देते. सपाट मैदानात परस्परांपासून ६० मीटर अंतरावर दोन खुंट्या घट्ट ठोकाव्यात. त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू.

प्रथम यंत्र बरोबर मध्यावर, दोहोंपासून ३० मीटरांवर ठेवावे. ‘अ’ वरील पट्टीचा आकडा १.५२५ मीटर आणि ‘ब’ वरील १.२८० मीटर आला असे समजू. दोहोंतील फरक ०.२४५ मीटर. पट्टीवरील आकडा जितका लहान तितकी जागा उंच, म्हणून ‘ब’ ही खुंटी ‘अ’ पेक्षा २४५ मिलिमीटर उंच आहे. यंत्रात दोष असला तरीही हा फरक खराच असतो. नजररेषा वर चढलेली असेल तर दोन्ही बाजूंस अंतर सारखेच असल्याने ती दोन्ही पट्ट्यांवर सारखीच वर चढते आणि वजाबाकीत चूक निघून जाते.

आता यंत्र उचलून ‘अ’ च्या पलीकडे, त्याच सरळ रेषेत ३ मीटरांवर ठेवावे. ‘अ’ वर आकडा १.४६० आला. खरा फरक २४५ मिलिमीटर असल्याचे आपणांस ठाऊक आहे. तेव्हा ‘ब’ वर १.२१५ यावयास हवे. प्रत्यक्षात तेथे १.२३३ आले. साक्षीदार येथे सापडला. दोन्ही खुंट्यांच्या अंतरातील ६० मीटरांच्या फरकात नजररेषा १८ मिलिमीटर वर चढली आहे, म्हणजेच दर १० मीटरांस ३ मिलिमीटर. आकडे जुळले असते, किंवा एक-दोन मिलिमीटरांचाच फरक पडला असता, तर यंत्र सर्वसाधारण कामास योग्य ठरले असते.

या कसोटीत भिंगाचीही परीक्षा होते. जवळच्या ‘अ’ साठी आणि दूरच्या ‘ब’ साठी चकती वेगवेगळी फिरवावी लागते. आतील भिंग सरळ रेषेत न सरकता झोल खात असेल, तर तो दोषही या फरकात उमटतो. शंका आल्यास कसोटी निरनिराळ्या अंतरांवर पुन्हा घ्यावी. दर मीटरास पडणारी चूक प्रत्येक वेळी सारखी निघाली तर तार सरकली आहे. ती अंतरागणिक लहरीपणे बदलत असेल, तर भिंग सरकविणारी नळी झिजली आहे असा संशय घ्यावा.

अठरा मिलिमीटरांची किंमत

१८ मिलिमीटर म्हणजे दोन बोटांची रुंदीही नव्हे. एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर कालव्याच्या शेवटच्या टोकाला मिळते.

कालव्याचा उतार फारच अल्प ठेवावा लागतो. जास्त उतार दिला तर पाण्याच्या वेगाने तळ खरवडतो आणि खालची जमीन भिजण्याआधीच उंची संपून जाते. बडोद्यानजीक डभोई तालुक्यात सयाजीराव महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी बांधविलेला वढवाणा तलाव आहे. २०२१ साली रामसर स्थळांच्या यादीत त्याचा समावेश झाला आणि पक्ष्यांचे आश्रयस्थान म्हणून तो जगाला ठाऊक झाला. पण मुळात तो शेतीचा तलाव आहे आणि ओरसंग नदीचे पाणी जोजवा येथून कालव्याने त्यात आणले जाते. नर्मदेचा ४५८ किलोमीटर लांबीचा मुख्य कालवाही बडोदे जिल्ह्यातून जातो. असे कालवे किलोमीटरमागे काही सेंटिमीटरांच्या उतारावर चालतात.

उदाहरणादाखल ४,००० मीटरांस १ मीटर, म्हणजे किलोमीटरला २५ सेंटिमीटर उताराची एक चारी घेऊ. आपले सदोष यंत्र घेऊन एखादा निरीक्षक काम करीत आहे आणि लवकर उरकावे म्हणून प्रत्येक वेळी मागची पट्टी २० मीटरांवर, तर पुढची ६० मीटरांवर ठेवीत आहे. दोन्ही अंतरांत ४० मीटरांचा फरक. त्यामुळे प्रत्येक मांडणीत १२ मिलिमीटर चूक. एका मांडणीत ८० मीटर काम सरकते, म्हणजे किलोमीटरला साडेबारा मांडण्या. एकूण चूक १५० मिलिमीटर, म्हणजे १५ सेंटिमीटर. नजररेषा वर चढलेली असल्याने पुढची जमीन आहे त्याहून सखल भासते आणि चारीचा तळ प्रत्यक्षात हवा त्यापेक्षा उंच खोदला जातो. कागदावर २५ सेंटिमीटरांचा उतार आहे, जमिनीवर उरला अवघा १० सेंटिमीटर.

पाण्याचा वेग उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. या हिशेबाने, पाण्याची खोली तीच ठेवली तर, चारीतून नियोजित पाण्याच्या सुमारे ६३ टक्केच पाणी वाहील. मंद पाण्यात गाळ बसेल, गाळात गवत वाढेल आणि वेग आणखी घटेल. मुखाजवळच्या शेतांना पाणी पोहोचेल. शेवटच्या टोकाचा शेतकरी मात्र पाळी असूनही कोरड्या चारीकडे पाहत बसेल. मग तो पाटकऱ्याला बोल लावील, पाटकरी वरच्या शेतकऱ्यांवर पाणीचोरीचा आळ घेईल, गावात तेढ वाढेल. दोष मात्र त्यांच्यापैकी कोणाचाच नसेल. तो बांधकामाच्या आधी एका सकाळी न केलेल्या अर्ध्या तासाच्या तपासणीचा असेल.

शहरांनाही हा धडा लागू आहे. पावसाळ्यात आजव्याची आणि काळा घोडा पुलापाशी विश्वामित्री नदीची पातळी किती फूट झाली, याकडे सारे बडोदे डोळे लावून बसते. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस आलेल्या पुरात शहराचा मोठा भाग जलमय झाला, तेव्हा कोणत्या वस्तीत पाणी केव्हा शिरेल याचा अंदाज या आकड्यांवरूनच बांधावा लागला. नदीकाठची मोजपट्टी आणि वस्तीतील रस्त्याची उंची एकाच आधारपातळीवरून अचूक मोजलेली असली, तरच त्या आकड्याला अर्थ राहतो.

मध्यस्थाचा न्याय

या सर्व विवेचनातून एक मोलाचा नियम हाती येतो. यंत्र मागच्या व पुढच्या पट्टीच्या बरोबर मध्यावर ठेवले, तर सदोष यंत्रही खरा फरक सांगते. वादात मध्यस्थ दोन्ही पक्षांपासून सारख्या अंतरावर असावा, असे आपण म्हणतो. पातळीयंत्राच्या बाबतीत तो शब्दशः खरा ठरतो. पृथ्वीच्या गोलाईमुळे होणारी चूकही या रीतीने आपोआप कटते. शिवाय अंतर सारखे असल्याने दोन वाचनांमध्ये भिंगाची चकती फिरवावी लागत नाही आणि भिंगाच्या झोलाचा प्रश्नच उद्भवत नाही. फीत नसल्यास पावलांनी अंतर मोजले तरी चालते.

तथापि, मध्यावर ठेवतो म्हणून तपासणीची गरज नाही, असे मात्र समजू नये. ओढा, विहीर किंवा दाट झाडी आडवी आली की यंत्र मध्यावर ठेवता येत नाही. तसेच एकाच मांडणीतून अनेक ठिकाणांची उंची घ्यावयाची असते तेव्हा सर्वांचे अंतर सारखे राहू शकत नाही. तेथे निर्दोष नजररेषेलाच शरण जावे लागते.

दुसरा नियम काम ज्या तलचिन्हापासून सुरू केले तेथे परत येऊन मिळविण्याचा आहे. वरील उदाहरणातील निरीक्षक किलोमीटरभर जाऊन त्याच पद्धतीने परत आला असता, तर आरंभीची व शेवटची उंची यांत ३० सेंटिमीटरांची तफावत दिसून चूक तत्काळ उघडकीस आली असती. साधारण दर्जाच्या कामात एकूण किलोमीटरांच्या वर्गमुळास २५ मिलिमीटरांनी गुणून येणारी तफावत क्षम्य मानतात. जाऊन-येऊन २ किलोमीटरांच्या फेरीस ती सुमारे ३५ मिलिमीटर येते.

दोष आढळल्यास

नजररेषेची दुरुस्ती तारेची चौकट धरून ठेवणाऱ्या लहान स्क्रूंनी केली जाते. यंत्र दुसऱ्याच मांडणीत ठेवून, तार ‘ब’ वरील योग्य आकड्यावर, म्हणजे आपल्या उदाहरणात १.२१५ च्या आसपास, आणावयाची आणि कसोटी पुन्हा घ्यावयाची. अनुभवी तंत्रज्ञ हे काम जागेवरच करतात. ज्यास सराव नाही त्याने स्क्रूंना हात लावू नये. आढळलेली चूक नोंदवहीत तारखेसह लिहून यंत्र दुरुस्तीस पाठवावे. तपासणीची नोंद ठेवणे हा यंत्राच्या निगेचाच भाग होय. नवे यंत्र आल्यावर, लांबच्या प्रवासानंतर, यंत्र पडल्यास वा धडकल्यास, आणि मोठ्या कामाच्या आरंभी तपासणी झालीच पाहिजे.

यंत्राला झालेली इजा न लपविण्याचे एक उदाहरण आपल्या देशाच्या सर्वेक्षणाच्या इतिहासात आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून दक्षिण भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला. त्यांचा सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर चढविताना दोर तुटून भिंतीवर आदळला आणि त्याची अंशांची वर्तुळाकार चकती वाकली. लॅम्बटन यांनी काम थांबविले आणि सुमारे सहा आठवडे तंबूत बसून ती चकती जवळपास पूर्वस्थितीत आणली. मगच सर्वेक्षण पुढे सुरू झाले.

रोजच्या वापरातील पथ्ये साधी आहेत. यंत्र तिपाईसकट खांद्यावर टाकून दूरवर नेऊ नये, पेटीतून न्यावे. उन्हात त्यावर छत्री धरावी. भिंगावरची धूळ प्रथम मऊ कुंचल्याने झटकावी, मग स्वच्छ मऊ कापडाने पुसावे. सदऱ्याच्या टोकाने घासू नये. पावसात भिजलेले यंत्र पेटीत बंद करू नये, सावलीत सुकवावे. भर दुपारी जमिनीवरील हवा लवलवते, त्या वेळी लांबचे वाचन टाळावे आणि नजररेषा जमिनीपासून निदान अर्धा मीटर उंच राहील असे पाहावे. पट्टी ओळंब्यात धरली आहे आणि तिच्या तळाला चिखल चिकटलेला नाही, याकडेही लक्ष असावे. कारण पट्टी कलली की आकडा वाढतो.

उपग्रहांच्या साहाय्याने स्थान सांगणारी साधने आता गावोगावी मोजणीसाठी येत आहेत. सीमा व क्षेत्रफळ यांसाठी ती फार सोयीची आहेत. परंतु ती जी उंची प्रथम देतात ती गणिताने कल्पिलेल्या पृथ्वीच्या आकारापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे; भारताच्या बऱ्याच भागात या दोहोंत कित्येक मीटरांचे अंतर पडते आणि त्याची दुरुस्ती करूनच ती उंची वापरावी लागते. पाणी कोठे वाहील याचा शेवटचा निर्णय करताना पातळीयंत्राची साक्ष म्हणूनच आजही आवश्यक ठरते.

ग्रामस्थ व शाळा यांच्यासाठी

समपातळी चर खोदण्यासाठी वापरली जाणारी ‘ए’ आकाराची लाकडी चौकट आता पुष्कळ गावांत परिचित झाली आहे. तिची उलटतपासणीही पाणसळीसारखीच आहे. चौकटीचे दोन पाय दोन दगडांवर ठेवून, ओळंब्याची दोरी आडव्या काठीवर जेथे येते तेथे खूण करावी. मग पायांची अदलाबदल करून त्याच दगडांवर चौकट ठेवावी व दुसरी खूण करावी. दोन खुणांचा मध्य हीच खरी पातळीची खूण. दगड समपातळीत नसले तरी ही रीत चुकत नाही. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी तर आणखी सोपी; फक्त तिच्यात हवेचा बुडबुडा अडकलेला नसावा. शिक्षकांनी ही दोन्ही साधने शाळेच्या अंगणात मुलांकडून करवून घ्यावीत आणि शेजारच्या कामावरील निरीक्षकांच्या परवानगीने दोन खुंट्यांची कसोटी मुलांना दाखवावी. बेरीज-वजाबाकी येणाऱ्या मुलालाही ती समजते.

गावात चारी, बंधारा किंवा नळयोजना यांची आखणी सुरू होईल तेव्हा ग्रामस्थांनी निरीक्षकांस तीन प्रश्न आदराने विचारावेत. यंत्राची तपासणी केव्हा झाली? मागचे व पुढचे अंतर सारखे ठेवले आहे काय? आरंभीच्या तलचिन्हावर परत येऊन ताळा पाहिला काय? चांगल्या निरीक्षकास या प्रश्नांचा राग येणार नाही. उलट आपले काम कोणीतरी जाणतेपणाने पाहत आहे याचे त्यास समाधान वाटेल.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यास कलाभवन स्थापन केले, तेथे चित्रकलेबरोबर यंत्रविद्येचेही शिक्षण दिले जाई. दादासाहेब फाळके हे कलाभवनाचे विद्यार्थी. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या बडोदे विद्यापीठात पुढे हीच संस्था तंत्रविद्येची शाखा झाली. जलाशय बांधावयाचे तर भिंगाची आणि यंत्राची जाण असलेली माणसेही घडविली पाहिजेत, ही दृष्टी या दोन कामांच्या मागे एकत्र दिसते. आजव्याचे पाणी नुसत्या उताराच्या भरवशावर शहराच्या वाटेस लागले, ते त्या उताराची कोणीतरी नेकीने मोजणी केली होती म्हणून. आपल्या गावच्या चारीलाही तेवढीच नेकी हवी आहे, आणि तिचा आरंभ दोन खुंट्यांपासून करता येतो.